अंडाशयाच्या कर्करोगपेशी एकाच वेळी मेद बनवतात आणि जाळतात, हे कसे शक्य आहे?

शुक्रतारा

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून, अंडाशयाच्या कर्करोगात पेशींच्या मेद-चयापचयात होणारे बदल हा विषय सेमिनारसाठी घेतला आहे. वाचन बऱ्यापैकी झाले आहे, पण एका मुद्द्यावर गाडे अडले आहे आणि तो सुटल्याशिवाय पुढची मांडणी करणे मला पटत नाही, म्हणून येथे सविस्तर विचारते.

पहिली बाजू अशी. प्रौढ माणसाच्या बहुतेक निरोगी पेशी लागणारी मेदाम्ले रक्तातून घेतात. ती नव्याने बनवण्याचे काम मुख्यतः यकृत, मेदऊती आणि दूध येण्याच्या काळात स्तनग्रंथी करतात. गाठींमधल्या पेशी मात्र स्वतः मेदाम्ले तयार करू शकतात, हे १९५३ सालीच दाखवले गेले होते. पुढे १९९४ मध्ये, स्तनाच्या कर्करोगात रोगाचे भवितव्य वाईट असल्याची खूण मानले जाणारे ओए-५१९ हे प्रथिन म्हणजे मेदाम्ल बनवणारे विकर एफएएसएनच आहे असे लक्षात आले, आणि नंतर अंडाशयाच्या गाठींमध्येही हे विकर वाढलेले आढळले. एफएएसएन एका ॲसिटिल-कोएला सात मॅलोनिल-कोए जोडत जाऊन १६ कार्बनचे पामिटिक आम्ल बनवते आणि त्यासाठी १४ एनएडीपीएच (निर्मितीसाठी इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू) खर्ची पडतात. एवढा खर्च पेशी उगाच करणार नाही. विभाजन वेगाने होत असताना नव्या पटलांसाठी तिला मेद लागतोच.

दुसरी बाजू २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील अर्न्स्ट लेंग्येल यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये मांडली. अंडाशयाचा कर्करोग ओमेंटममध्ये, म्हणजे जठरापासून आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पदरात, वारंवार जाऊन बसतो. तेथील मेदपेशी आपला साठा फोडून मेदाम्ले कर्करोगपेशींना पुरवतात आणि कर्करोगपेशी ती मायटोकाँड्रियात जाळून ऊर्जा मिळवतात, असे त्यांनी दाखवले.

माझी अडचण येथे सुरू होते. पाठ्यपुस्तकानुसार मेदनिर्मितीतला मधला पदार्थ, म्हणजे मॅलोनिल-कोए, हाच सीपीटी-१ या वाहकाला रोखतो, आणि सीपीटी-१ बंद असेल तर लांब साखळीची मेदाम्ले मायटोकाँड्रियात शिरू शकत नाहीत. मेद बनत असताना तो जळू नये यासाठीच निसर्गाने ही तजवीज केलेली आहे. मग अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशीत दोन्ही मार्ग वाढलेले आहेत असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? आणि शेजारी ओमेंटमसारखे कोठार उघडे असताना पेशी स्वतः मेद बनवण्याचा खर्च का करते? अनेक आढावा-लेखांत हे दोन्ही मुद्दे एकापाठोपाठ एक येतात, पण त्यांच्यातला विरोध कुणी सोडवलेला मला दिसला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

शुक्रतारा, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी याच क्षेत्रातील प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा मला दिसते तसे मांडतो.

आपण 'अंडाशयाच्या कर्करोगाची पेशी' असे एकवचनात बोलतो, तेथून गोंधळ सुरू होतो. या रोगातली पेशी आपल्या प्रवासात किमान तीन वेगळ्या परिस्थितींतून जाते. ती आधी मूळ गाठीत असते. तेथून सुटून उदरपोकळीत, बहुधा जलोदराच्या, म्हणजे पोटात साठणाऱ्या, पाण्यात, एकटी किंवा छोट्या गोळ्यांच्या रूपात तरंगते. आणि नंतर ओमेंटमवर किंवा उदरपोकळीच्या अस्तरावर रुजते. इतर बहुतेक कर्करोगांत दूरवर पसरण्यासाठी रक्तवाहिनीत शिरावे लागते. येथे पोटातल्या पोटातच प्रसार होतो, आणि या तिन्ही ठिकाणी पेशीला मिळणारे अन्न, ऑक्सिजन आणि आधार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे 'मेदनिर्मिती वाढलेली' हे विधान ज्या पेशींबद्दल केले गेले आणि 'मेदज्वलन वाढलेले' हे ज्यांच्याबद्दल केले गेले, त्या पेशी बऱ्याचदा एकाच परिस्थितीतल्या नव्हत्याच.

२०११ च्या त्या लेखातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मानवी ओमेंटममधून काढलेल्या मेदपेशींबरोबर कर्करोगपेशी वाढवल्या, तेव्हा मेदपेशींमध्ये साठा फोडणारे संप्रेरक-संवेदी लायपेज कार्यान्वित झाले, तर कर्करोगपेशींमध्ये एएमपीके हे ऊर्जेच्या टंचाईची वर्दी देणारे विकर जागे झाले. एएमपीके जागे झाले की ते एसीसी या विकरावर फॉस्फेट बसवून त्याचे काम थांबवते. एसीसी हेच तर मॅलोनिल-कोए बनवते. म्हणजे मॅलोनिल-कोए घटले, सीपीटी-१ वरचा अटकाव उठला आणि मेदाम्लांना मायटोकाँड्रियाचे दार खुले झाले. पाठ्यपुस्तकातला नियम मोडलेला नाही; त्या ठिकाणी तो जशाचा तसा पाळला गेला आहे.

२०१६ मध्ये ऑक्सफर्डमधील अहमद अशूर अहमद यांच्या गटाने 'कॅन्सर सेल'मध्ये यात आणखी एक दुवा जोडला. एसआयके-२ नावाचे काइनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारे विकर, मेदपेशींच्या सान्निध्यात कार्यान्वित होते, एएमपीकेमुळे एसीसीवर फॉस्फेट बसण्याची क्रिया वाढवते आणि मेदज्वलनाला वाट करून देते. त्याच वेळी ते पीआय-३ काइनेजचा जगण्याचा संदेशही बळकट करते. मात्र पुढे, २०२० मध्ये, दुसऱ्या एका गटाने याच एसआयके-२ मुळे अंडाशयाच्या कर्करोगपेशींत एफएएसएन आणि कोलेस्टेरॉल-निर्मिती वाढते असेही दाखवले. एकच काइनेज एका लेखात ज्वलनाच्या बाजूने आणि दुसऱ्यात निर्मितीच्या बाजूने उभे राहते, ते का, हे समजून घ्यायचे तर दोन्ही लेखांतली प्रयोगाची परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून वाचावी. तुमच्या सेमिनारमध्ये या जोडीवर दहा मिनिटे दिलीत तरी ती सत्कारणी लागतील.

आता दुसरा अर्धा भाग. एसीसी एकच नाही. एसीसी-१ पेशीद्रवात असते आणि त्याने बनवलेले मॅलोनिल-कोए प्रामुख्याने निर्मितीकडे जाते. एसीसी-२ मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलाला चिकटलेले, सीपीटी-१ च्या अगदी शेजारी असते आणि त्याचे मॅलोनिल-कोए मुख्यतः अटकावाचे काम करते. त्यामुळे तत्त्वतः एकाच पेशीत थोडी निर्मिती आणि थोडे ज्वलन एकत्र नांदू शकते. पण मेदपेशींच्या शेजारी गेल्यावर पेशीचा कल स्पष्टपणे बाहेरून घेण्याकडे झुकतो. पेशीच्या पृष्ठभागावरचे मेदाम्ल-ग्राहक सीडी-३६ तेथे वाढते आणि त्याच वेळी स्वतःची मेदाम्ल- व कोलेस्टेरॉल-निर्मिती मंदावते, असे लेंग्येल यांच्याच गटाने २०१८ मध्ये 'ऑन्कोजीन'मध्ये दाखवले. कोठार उघडे असताना पेशी स्वतः खर्च का करते, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या वाचनाप्रमाणे, कोठाराजवळ पोचल्यावर ती तो खर्च बराच कमी करते.

तरंगत्या अवस्थेत हिशेब वेगळा असतो. आधार सुटलेल्या पेशीत ऑक्सिडीकारक ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे होणारी इजा) वाढतो आणि तो निवारण्यासाठी एनएडीपीएच हवे असते. मेदनिर्मिती ही एनएडीपीएच खाणारी सर्वांत मोठी गिऱ्हाईक आहे. २०१२ मध्ये 'नेचर'मधील एका लेखाने दाखवले की अशा ताणात एएमपीके एसीसी बंद करते, त्याने निर्मितीत जाणारे एनएडीपीएच वाचते, शिवाय मेदज्वलनातून नवे मिळायला मदत होते. ते काम अंडाशयाच्या पेशींपुरते केलेले नव्हते, पण जलोदरात तरंगणाऱ्या गोळ्यांचा विचार करताना मला तो सर्वांत उपयोगी धागा वाटतो. मेदज्वलन म्हटले की आपण लगेच एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू, मोजू लागतो (पामिटेटच्या, म्हणजे पामिटिक आम्लाच्या, एका रेणूमागे १०६, ग्लुकोजमागे ३० ते ३२), आणि पेशीला त्या क्षणी एटीपीपेक्षा एनएडीपीएचची निकड अधिक असू शकते, हे विसरतो.

काचपट्टी

सह्यकडा यांच्या उत्तराला विकृतिशास्त्राच्या बाजूने थोडी पुरवणी जोडतो. माझे रोजचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे आहे आणि ओमेंटमचे नमुने सतत डोळ्यांखालून जातात.

शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे येणारे ओमेंटम निरोगी असेल तर ते पिवळसर, मऊ, बोटांमधून घसरणारे असते. रोगाने व्यापलेले असेल तर त्याची अक्षरशः टणक वडी झालेली असते. सर्जन मंडळी तिला 'ओमेंटल केक' म्हणतात. त्या वडीचा छेद घेऊन पाहिला की मधल्या भागात चरबी जवळजवळ उरलेलीच नसते. तेथे कर्करोगपेशींचे पुंजके आणि त्यांना वेढणारी घट्ट तंतूंची ऊती असते. कडेला, जेथे रोग अजून पुढे सरकतो आहे, तेथे मेदपेशी आणि कर्करोगपेशी एकमेकींना भिडलेल्या दिसतात आणि गाठीलगतच्या मेदपेशी दूरच्या मेदपेशींपेक्षा आकसलेल्या असतात. मेदाम्लांची ने-आण करणारे एफएबीपी-४ हे प्रथिन कर्करोगपेशींत नेमके या सीमेवर ठळक दिसते आणि त्याच रुग्णाच्या अंडाशयातील मूळ गाठीत ते फारसे दिसत नाही, हे २०११ च्या लेखातले निरीक्षण मला रेणूंच्या आकृत्यांपेक्षा अधिक बोलके वाटते. जागेप्रमाणे चयापचय बदलतो, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. ज्या उंदरांमध्ये एफएबीपी-४ नव्हते, त्यांच्यात रोगाचा प्रसारही बराच कमी झाला होता.

सेमिनारमध्ये चित्रे दाखवणार असाल तर एक काळजी घ्या. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या काचपट्टीवर मेद दिसत नाही. पॅराफिनमध्ये नमुना बसवताना अल्कोहोल आणि झायलीनमधून जावे लागते व त्यात सगळा मेद विरघळून जातो. उरतात त्या पांढऱ्या पोकळ्या. कर्करोगपेशीतले मेदाचे थेंब खरोखर दाखवायचे तर गोठवलेल्या नमुन्याचा छेद घेऊन ऑइल रेड ओ वापरावा लागतो, किंवा जिवंत पेशींत बॉडिपी हा चमकणारा रंग. विद्यार्थी अनेकदा पॅराफिनच्या पट्टीवरची पोकळी दाखवून तिला मेदथेंब म्हणतात, ते ग्राह्य धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. 'अंडाशयाचा कर्करोग' हे एका रोगाचे नाव नाही. सर्वाधिक आढळणारा उच्च-श्रेणीचा सीरस प्रकार बहुतांश वेळा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकातून उगम पावतो आणि जवळजवळ सर्व रुग्णांत त्यात टीपी-५३ हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक बिघडलेले असते. स्वच्छ-पेशी प्रकार वेगळ्या वाटेने, बऱ्याचदा एंडोमेट्रिओसिसमधून (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारातून) येतो. या दोघांचे मेद-चयापचय एकच गृहीत धरून केलेली विधाने मी सावधपणे वाचतो, तुम्हीही वाचावीत.

पाणकणीस

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण चर्चा 'किती मेद' याच प्रश्नाभोवती फिरते आहे. माझ्या मते 'कोणता मेद' हा प्रश्न निदान तेवढाच महत्त्वाचा आहे, आणि पेशी कोठाराजवळ असूनही मेदनिर्मितीची यंत्रणा पूर्णपणे का मोडीत काढत नाही, याचे उत्तर मला त्यात दिसते.

एफएएसएनमधून बाहेर पडते ते पामिटिक आम्ल संपृक्त, म्हणजे साखळीत दुहेरी बंध नसलेले, असते. संपृक्त मेदाम्ले नुसती साचली तर ती पेशीला अपायकारक ठरतात, म्हणून एससीडी-१ हे विकर त्यांच्या साखळीत एक दुहेरी बंध घालते. पामिटिकपासून पामिटोलेइक आणि स्टिअरिकपासून ओलेइक आम्ल तयार होते. २०१७ मध्ये 'सेल स्टेम सेल'मध्ये आलेल्या कामात जिवंत पेशींवर रामन प्रकाशविकिरणाच्या आधारे प्रतिमा घेऊन असे दाखवले गेले की अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशींसारख्या पेशींत असंपृक्त मेदाचे प्रमाण इतर पेशींपेक्षा जास्त असते. एससीडी-१ रोखले की त्या पेशींची गोळे बनवण्याची आणि उंदरांत नवी गाठ उभी करण्याची क्षमता खालावते. उपचारानंतर रोग उलटतो तो अशाच मूठभर पेशींपासून, असा अंदाज असल्यामुळे या निरीक्षणाला मोठे महत्त्व आहे.

एससीडी-१ ला काम करण्यासाठी ऑक्सिजन लागतो. तरंगणाऱ्या गोळ्याच्या गाभ्यात किंवा रक्तवाहिन्या न पोचलेल्या वडीच्या आत ऑक्सिजन तुटपुंजा असतो. तेथे हे विकर असूनही नसल्यासारखे होते आणि पेशीला असंपृक्त मेदाम्ले बाहेरूनच मिळवावी लागतात. मानवी चरबीत सर्वाधिक प्रमाण असते ते ओलेइक आम्लाचे. म्हणजे ओमेंटममधून पेशीला इंधन तर मिळतेच, शिवाय ऑक्सिजनविना तिला स्वतः बनवता न येणारा तयार मालही मिळतो.

येथे फेरोप्टोसिसचा विषय येतो. लोहाच्या साहाय्याने पटलातील मेदाचे पेरॉक्साइड बनत जाऊन पेशी मरते, त्या मृत्यूला हे नाव २०१२ मध्ये मिळाले. पेरॉक्साइड बनतात ते एकाहून अधिक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचे. ओलेइकसारखे एकच दुहेरी बंध असलेले आम्ल पटलात त्यांची जागा घेते आणि पेशी वाचते. एससीडी-१ अंडाशयाच्या कर्करोगपेशींचे फेरोप्टोसिसपासून रक्षण करते, हे २०१९ मध्ये 'कॅन्सर रिसर्च'मध्ये दाखवले गेले. त्याच वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील एका कामात, स्वच्छ-पेशी प्रकारच्या गाठी जीपीएक्स-४ या पेरॉक्साइड-निवारक विकरावर फार अवलंबून असतात आणि ते रोखले की सहज मरतात, असे दिसले. ते काम प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या कर्करोगावर होते, पण अंडाशयाच्या स्वच्छ-पेशी प्रकारातही तोच कल आढळला. काचपट्टी यांनी प्रकारभेदाचा जो इशारा दिला आहे, त्याचे हे उत्तम उदाहरण ठरेल.

शुक्रतारा, सेमिनारमध्ये मेदाकडे इंधन आणि बांधकामाचे साहित्य एवढ्याच नजरेने पाहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मेद हा संदेशही असतो. जलोदराच्या पाण्यात कर्करोगपेशींना वाढायला लावणारा एक घटक असतो, हे आधीपासून माहीत होते. तो लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे एलपीए, असल्याचे १९९५ मध्ये निश्चित झाले. ऑटोटॅक्सिन हे विकर लायसोफॉस्फॅटिडिल-कोलीनपासून ते बनवते आणि पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना चिकटून ते वाढ, हालचाल आणि आक्रमण यांना चालना देते. रक्तातील एलपीए मोजून या रोगाचे लवकर निदान करता येईल, अशी मोठी आशा १९९८ मध्ये निर्माण झाली होती. पुढे दुसऱ्या अभ्यासात तो फरक आढळला नाही आणि ती चाचणी मागे पडली. रेणू महत्त्वाचा असणे आणि त्याची चाचणी उपयोगी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि या इतिहासाचा उल्लेख तुम्ही जरूर करावा.

वाटसरू

चर्चा वाचली. मी या विषयातला नाही, तरी विचारल्यावाचून राहवत नाही. माझ्या मावशीला तिसऱ्या टप्प्यातला हाच आजार आहे. केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या असून आता शस्त्रक्रिया ठरली आहे. कर्करोगाच्या पेशी चरबीवर जगतात असे घरात कुणी तरी वाचून सांगितले, तेव्हापासून तिने तूप, तेल, शेंगदाणे, सारे सोडले आहे आणि ती फार खंगली आहे. शिवाय कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी हा रोग आटोक्यात येतो असेही कुणी सांगते. यात कितपत तथ्य आहे?

गुलबक्षी

वाटसरू, मी कर्करोगावर उपचार करणारी डॉक्टर आहे. मावशींना मी तपासलेले नाही, म्हणून औषधांचे निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. पण आहाराबद्दल स्पष्टपणे सांगते: प्रयोगशाळेतल्या या निष्कर्षांवरून त्यांनी तूप-तेल सोडण्याचे काहीही कारण नाही, आणि सोडल्याने नुकसानच होण्याचा संभव आहे.

वर ज्या मेदाम्लांची चर्चा चालली आहे ती आज जेवणात घेतलेल्या तुपातून थेट गाठीकडे जात नाहीत. ती ओमेंटमच्या मेदपेशींत आधीपासून साठलेली असतात आणि कर्करोगपेशींच्या संदेशांनी तेथल्या तेथे सुटतात. माणूस उपाशी राहिला तर शरीर स्वतःच मेदपेशींचा साठा फोडते आणि रक्तातली मेदाम्ले उलट वाढतात. म्हणजे ताटातला मेद काढून टाकल्याने गाठीचे इंधन तुटेल ही समजूत शरीराच्या कामकाजाशीच जुळत नाही. या आजारात जलोदरामुळे पोट लवकर भरल्यासारखे होते, केमोथेरपीने तोंडाची चव जाते, आणि वजन व स्नायू झपाट्याने घटतात. ज्यांचे पोषण खालावलेले असते त्यांना मोठी शस्त्रक्रिया जड जाते आणि जखम भरायला वेळ लागतो. मेदाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅममधून ४. चार घासांवर जेवण आटोपणाऱ्या रुग्णाला मऊ भातावर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर म्हणूनच मोलाची असते. त्याबरोबर डाळ, अंडे, दही, पनीर, चालत असल्यास मासे असे प्रथिनांचे पदार्थ थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावेत. मधुमेह किंवा अन्य आजार असेल, अथवा आतड्याला अडथळ्याची लक्षणे म्हणजे वारंवार उलट्या, पोट फुगणे, शौचाला न होणे अशी दिसत असतील, तर हा सल्ला लागू नाही. तेव्हा ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतील तर शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांची भेट मागून घ्या.

या शस्त्रक्रियेत गाठींबरोबर ओमेंटमही काढले जाते. ते आजचे प्रमाणित उपचार आहेत आणि मेदाच्या कोठाराविषयीच्या या संशोधनाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले आहेत.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल, म्हणजे स्टॅटिनबद्दल, कुतूहल निराधार नाही. २०२० मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, ज्या स्त्रियांमध्ये स्टॅटिन ज्या विकराला रोखते ते विकर जन्मतःच थोडे कमी सक्रिय असते, त्यांच्यात अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता कमी आढळली. पण तो रोग होण्याच्या शक्यतेचा अभ्यास होता. झालेला रोग गोळ्यांनी बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. मावशींना हृदयासाठी किंवा कोलेस्टेरॉलसाठी ही गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नये, आणि चालू नसेल तर कर्करोगासाठी म्हणून मनाने सुरू करू नये, कारण स्नायू आणि यकृतावर तिचे परिणाम होऊ शकतात आणि इतर औषधांशी ती कशी जुळते हे तपासावे लागते.

शुक्रतारा, उपचारांचा विषय निघालाच आहे तर तुमच्यासाठी थोडे. मेदज्वलन रोखणारे इटोमोक्सिर हे औषध माणसांत हृदयविकारासाठी वापरून पाहिले होते. काही रुग्णांत यकृताची विकरे वाढल्यामुळे ती चाचणी थांबवावी लागली. एफएएसएन रोखणारे टीव्हीबी-२६४० हे औषध पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने सुरुवातीच्या टप्प्यातील चाचणीत दिले गेले आणि त्या चाचणीत अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णही होत्या. हातापायांच्या तळव्यांची त्वचा सोलवटणे आणि डोळ्यांचा त्रास हे तिथे दिसलेले ठळक दुष्परिणाम. त्वचा आणि अश्रूंचा थर यांनाही मेद लागतो, हे लक्षात घेतले की त्यात आश्चर्य वाटत नाही. अद्याप मेद-चयापचयावर नेम धरणारे कोणतेही औषध या रोगाच्या प्रमाणित उपचारांत आलेले नाही. मला स्वतःला प्रतिकाराचा प्रश्न सर्वांत जवळचा वाटतो: मेदपेशींच्या सहवासात कर्करोगपेशींत वाढणारे एफएबीपी-४ त्या पेशींना कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध सोसण्याची ताकद देते, असे २०२० मध्ये दाखवले गेले. कार्बोप्लॅटिन हा आमच्या उपचारांचा कणा आहे. त्याचा परिणाम टिकवून धरणारे काही या संशोधनातून हाती लागले, तर तो रुग्णांच्या दृष्टीने खरा लाभ होईल.

वाटसरू

मनापासून आभार. मावशीला हे वाचून दाखवतो आणि उद्याच आहारतज्ज्ञांची वेळ घेतो.

शुक्रतारा

सर्वांचे आभार. पेशी कुठे आहे हे विचारल्याशिवाय तिच्या मेद-चयापचयाबद्दल विधान करू नये, असा आता माझ्या मांडणीचा कणा ठरला. सह्यकडा सर, एकच शंका उरली आहे. एकाच पेशीत दोन्ही मार्ग खरोखर एकत्र चालतात की नाही, हे प्रयोगाने कसे ठरवता येईल? आणि वाचताना कोणत्या पेशीमालिकांवरचे (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींवरचे) निष्कर्ष अधिक भरवशाचे मानावेत?

सह्यकडा

आधी पेशीमालिकांचे. एसकेओव्ही-३ आणि ए-२७८० या दोन मालिकांवर या विषयातले पुष्कळ काम झाले आहे. २०१३ मध्ये जनुकीय तुलना करून असे दाखवले गेले की या दोन्ही मालिका उच्च-श्रेणीच्या सीरस प्रकाराशी फारशा जुळत नाहीत, तर त्या मानाने कमी वापरात असलेल्या कुरामोची आणि ओव्हीसाहो अधिक जुळतात. त्यामुळे जुने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण ते कोणत्या रोगाला लागू करायचे हा प्रश्न उभा राहतो. रुग्णाच्या जलोदरातून थेट काढलेल्या पेशींवर तेच निरीक्षण आले असेल तर त्याचे वजन वाढते. त्याचबरोबर माध्यम काय वापरले ते पाहा. नेहमीच्या एका माध्यमात ग्लुकोज २५ मिलिमोलर असते, रक्तात साधारण ५. इतक्या साखरेत आणि मेद काढून टाकलेल्या सीरममध्ये वाढवलेली पेशी मेदनिर्मिती करणारच. त्यावरून ती ओमेंटममध्ये काय करते हे सांगता येत नाही.

प्रयोगाबद्दल. एका बाजूने जड कार्बन घातलेले पामिटेट द्यावे आणि तो कार्बन सायट्रेटमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियातील ज्वलनचक्राच्या एका पदार्थात, किती उतरतो ते वस्तुमान वर्णपटमापीवर मोजावे, म्हणजे ज्वलन कळते. दुसऱ्या बाजूने जड पाणी द्यावे आणि नव्या मेदाम्लांत किती ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) शिरले ते मोजावे, म्हणजे निर्मिती कळते. दोन्ही एकाच ताटलीत करता येते. पण त्यातून मिळते ती लक्षावधी पेशींची सरासरी. त्यांतल्या निम्म्या पेशी बनवत असतील आणि निम्म्या जाळत असतील तरी आकडा तसाच येईल. म्हणून पाणकणीस यांनी उल्लेख केलेली रामन प्रतिमापद्धत येथे फार कामाची आहे. कार्बन आणि ड्यूटेरियम यांचा बंध तिला वेगळा ओळखता येतो, त्यामुळे एकेका पेशीतील नवा मेद दाखवता येतो.

इटोमोक्सिर वापरलेले लेख वाचताना मात्रेकडे पहिले लक्ष द्या. २०१८ मध्ये असे दाखवले गेले की सुमारे १० मायक्रोमोलर मात्रेतच मेदज्वलन जवळजवळ थांबते, आणि २०० मायक्रोमोलरला हे औषध मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीतील पहिल्या संकुलालाही रोखते. अनेक लेखांत ही मोठी मात्रा वापरलेली आहे. तेथे पेशींची वाढ थांबली असेल तर ती मेद न मिळाल्यामुळे थांबली असे म्हणता येत नाही. असे लेख बाजूला काढून, सीपीटी-१ चे जनुक थेट बंद करून केलेले प्रयोग वेगळे ठेवा आणि मग त्यांत ज्वलनाची गरज कितपत उरते ते पाहा.